एकशे दहा पावलं

लांब उडी शिकवताना मी टेप वापरत नसे. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या एका शाळेच्या मैदानावर ऑफिसच्या आधी मी मुलींना शिकवायचे. जेमतेम दीड तास मिळायचा, त्यात टेप शोधत कोण बसणार! म्हणून धाव कुठून सुरू करायची ते पावलांनी मोजायचं. उडीच्या फळीपासून मागे, टाचेला चवडा चिकटवत, आपल्याच बुटांनी. "टेप घरी राहू शकते, पाय राहत नाहीत," असं मी मोठ्या ऐटीत सांगायचे.

त्यातल्या एका मुलीची एकशे दहा पावलं अगदी पक्की होती. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी, वडिलांचं कापडाचं दुकान. मला अक्का म्हणायची, आमच्या बोलण्यात मध्येच कन्नड शब्द यायचे. त्या वर्षी क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटचीच. वडिलांनी साफ सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर खेळ, नाहीतर उद्यापासून ट्यूशन.

चाचणीसाठी त्यांनी तिला नवे स्पाइक्स, खिळ्यांचे बूट, आणले. वाढतं अंग आहे, एक नंबर मोठेच घ्या, हा सल्ला माझा. हळदकुंकू लावून त्यांनी ते खोक्यात ठेवले, त्या दिवशीच घालायचे म्हणून. पुढे कापूस कोंबला की बसत होते. मी काही हरकत घेतली नाही.

चाचणीला प्रशिक्षकांना कुंपणाबाहेर उभं केलं होतं. तिथून फळी धड दिसत नव्हती. पावलं मोजून ती कुंपणाशी आली.

"अक्का, आज धाव स्वल्प लांब वाटते."

"एकशे दहा मोजलीस ना? मग सरी, ठीक आहे. जा."

पहिली उडी फळीपासून मोजल्यावर नेहमीपेक्षा जवळजवळ मीटरभर कमी पडली. ती परत आली. "पाय फळीच्या खूप मागे पडतोय, अक्का."

"बिचकतेयस तू! जीव तोडून पळ जरा."

दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी फळी गाठायला तिनं शेवटची पावलं ताणली, तोल गेला आणि ती वाळूत गुडघ्यांवर पडली. संपलं. यादीत तिचं नाव आलं नाही. माझं डोकं असं सणकलं होतं की मी तिथूनच तिच्या वडिलांना फोन लावला. "पोरीनं ऐन वेळी कच खाल्ली हो," मी त्यांना म्हणाले. ती शेजारीच उभी होती.

नंतर पायरीवर बसून तिनं बूट काढले. पिशवीतले जुने बूट बाहेर काढून शेजारी ठेवले, तर नव्यांचे चवडे अर्धं बोट पुढे आलेले. मी बघतच राहिले. पावलागणिक अर्धं बोट, आणि अशी एकशे दहा पावलं! धावेची सुरुवातच मीटरभर मागे सरकली होती. पोरगी रोजच्यासारखीच पळाली होती, फळीच तिला रोजच्या जागी भेटली नाही. आणि हे ती मला दोनदा येऊन सांगून गेली होती.

गप्प बसावं, असं क्षणभर मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण सांगितलं. बूट मोठे, त्यांनी मोजलेलं अंतर चुकलं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, तुझ्या नाही. सांगताना मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

तिनं नवा बूट उचलून जुन्याशी पुन्हा लावून पाहिला.

"म्हणजे मी घाबरले नव्हते?"

"नाही गं."

"मला वाटलं घाबरले. तुम्ही म्हणालात म्हणून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती जराशी सरकली आणि तिनं गुडघ्यावरची वाळू झटकली.

"बाबांना परत फोन लावा, अक्का," ती म्हणाली. "माझ्यासमोर."