दोन तास जायचे, दोन तास यायचे

बसमधले लोक तिला दातमावशी म्हणत. तिचे स्वतःचे दात पुढे होते अशातला भाग नाही. ती दुसऱ्यांचे दात बनवायची. कवळ्या. मेणात एकेक दात बसवायचा, साचा घालायचा, साच्यातून निघालेली कवळी घासून घासून अशी गुळगुळीत करायची की जिभेला कुठे टोचता कामा नये. हे काम ती सव्वीस वर्षं करत होती, आणि ते काम होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी सात चाळीसची बस, मध्ये एक बस बदलायची, पावणेदहाला कारखान्यात. संध्याकाळी तेच उलट.

कारखाना आपलं म्हणायचं कौतुकाने. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक म्हातारे मास्तर आणि ही. एके काळी आठ माणसं होती. कोणी स्वतःचं दुकान काढलं, कोणी निवृत्त झालं, कोणी मास्तरांच्या बोलण्याला कंटाळून गेलं. मास्तरांचं बोलणं कंटाळण्यासारखंच होतं, यात वाद नाही.

तर मागच्या महिन्यात काय झालं, तिच्या घरापासून दहा मिनिटांवर, भाजीबाजाराच्या मागे, एक नवा कोरा दातांचा कारखाना उघडला. मालकीण तरुण मुलगी. ती स्वतः घरी आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या हातची कवळी मी पाहिली आहे. माझ्याकडे या. शनिवारपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "यात विचार कसला करायचा? चपला घालून होईपर्यंत पोचशील." नवरा शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. पुस्तकं जशी जागच्या जागी, तशी त्याची वाक्यंही मोजकी आणि जागच्या जागी.

कोणालाही विचारा, कोणीही हेच म्हणालं असतं. रोजचे चार तास! चार तासांत माणूस एखादी भाषा शिकेल, बाग फुलवेल, निदान झोपेल तरी. पण ही बाई सोमवार गेला, मंगळवार गेला तरी हो म्हणेना.

लोकांना वाटलं, बसची सवय सुटत नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. काय दिवस होते ते! मागच्या लांब सीटवर चौघीजणी ठरलेल्या: दवाखान्यातली एक नर्स, एक शाळेतली क्लार्क, एक लोकरीच्या दुकानातली आणि ही. कोणी आधी चढली की पिशव्या ठेवून बाकीच्यांची जागा अडवायची आणि उभ्या असलेल्या माणसांचे डोळे चुकवायचे. लोकरवालीने हिला विणायला शिकवलं. हिने नवऱ्यासाठी पहिला स्वेटर बसमध्येच विणला. त्याची एक बाही चांगल्या रस्त्यावर झाली आणि एक खड्ड्यांच्या, त्यामुळे ती दोन वेगवेगळ्या माणसांची वाटायची. नवऱ्याने तो अकरा वर्षं घातला. सासूशी झालेलं भांडण घेऊन ती बसमध्ये चढायची आणि नदीवरचा पूल येईतो त्या भांडणाचा जीव गेलेला असायचा. वडील गेले त्या आठवड्यात ती खिडकीकडे तोंड करून रडत असायची, आणि नर्स हिची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन बसायची. घरात रडायला जागा कुठे होती? घरात सगळ्यांना सावरायचं होतं. मुलीला पहिला पगार मिळाला ती बातमीसुद्धा आधी मागच्या सीटला कळली आणि मग नातेवाइकांना.

पण खरं सांगायचं तर ती बस केव्हाच गेली. क्लार्क निवृत्त झाली, लोकरीचं दुकान बंद पडलं, दोन वर्षांपूर्वी नर्सही मुलाकडे राहायला गेली. आता मागच्या सीटवर कोणीही बसतं आणि आपापल्या फोनमध्ये मान घालतं. आता त्या प्रवासात नुसते गुडघे दुखत.

मग अडलं होतं कुठे? अडलं होतं मास्तरांच्या डोळ्यांपाशी. आणि ते तिने आजवर कोणालाच, अगदी नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं.

मास्तरांचा एक नियम होता. ज्याला दात हवेत त्याने एकदा तीन जिने चढून स्वतः यायचं. कितीही मोठा माणूस असो, कितीही धापा टाको. त्याला मोठ्या खिडकीशी बसवायचं आणि उरलेल्या दातांशेजारी रंगांची पट्टी धरून सूर्याच्या उजेडात रंग जुळवायचा. तेही दहा ते बाराच्या दरम्यान, दिव्याखाली कदापि नाही. मास्तर रंगाचा नंबर मोठ्याने सांगत, ही लिहून घेई. सहा वर्षांपूर्वी कधीतरी तिच्या लक्षात आलं की मास्तरांचा नंबर चुकतोय. आधी एखाद्या वेळी, मग वरचेवर. पुढे तर मास्तरांच्या जगात सगळ्यांचे दात चार नंबरचे झाले. पंचवीस वर्षांची मुलगी आली तरी चार, सत्तर वर्षांचे आजोबा आले तरी चार.

तोंडावर कसं सांगणार? ज्या माणसाने तिला मेण हातात धरायला शिकवलं, पहिल्या वर्षी तिने बिघडवलेल्या कवळ्यांसाठी 'माझ्याच हातून झालं' म्हणून दातांच्या डॉक्टरांकडून बोलणी खाल्ली, त्याला म्हणायचं की तुम्हाला दिसत नाही? तिने आपली एक पद्धत पाडली. मास्तर म्हणत "चार", ती म्हणे "लिहिलं", आणि लिही तिला दिसेल तो, बहुतेकदा दोन. एकही कवळी परत आली नाही. ती एक दिवस जरी आली नसती, तरी मास्तरांचं बिंग फुटलं असतं. म्हणून सहा वर्षांत तिने ताप अंगावर काढला, भाचीच्या लग्नात जेमतेम तोंड दाखवलं, पण दहाच्या आत खिडकीशी हजर.

बुधवारी ती खोटं बोलली. मास्तरांना 'बँकेत काम आहे' सांगून बारानंतरचा अर्धा दिवस नव्या कारखान्यात जाऊन बसली. जागा लखलखीत, यंत्रं नवी, पाठीला टेकायला खुर्ची. पाच वाजता सुटली आणि पाच दहाला आपल्या दारात. नवरा रेडिओ ऐकत भाजी चिरत होता. तिला पाहून एकदम उभाच राहिला.

"काय झालं? बरं नाही का?"

"अहो, काही नाही. लवकर आले."

त्याने घाईघाईने रेडिओ बंद केला, टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. ती ओट्याशी गेली तर म्हणाला, "राहू दे, मी करतो." मग दोघंही एकमेकांना वाट देत स्वयंपाकघरात उगाच फिरले. तिला वाटलं, आपण याच्या एकट्याच्या संध्याकाळीत आगंतुक पाहुण्यासारख्या घुसलो. सव्वीस वर्षांत या घराने आपल्यावाचून पाच वाजवायला शिकून घेतलंय. तेव्हा कशाला बदलायचं? गुडघे काय, दुखतातच.

शुक्रवारी ती पक्कं ठरवून गेली: नव्या मालकिणीला नाही म्हणायचं. मास्तरांना मात्र झाली गोष्ट सांगायची, बँकेचं खोटं मनाला लागलं होतं. बाराचं गिऱ्हाईक गेलं आणि तिने सांगून टाकलं. "मास्तर, घराजवळ काम मिळत होतं. मी नाही म्हणणार आहे."

मास्तरांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "नाही का म्हणणार?"

"असंच. इथली सवय आहे."

"पोरी, त्या फडताळात चार नंबरच्या दातांचे डबे बघ बरं किती आहेत."

तिने बघितलं. वरपासून खालपर्यंत रचलेले, सील न फोडलेले.

"मी सहा वर्षं सगळ्यांना चार सांगतोय," मास्तर म्हणाले, "आणि चारचा डबा काही संपत नाही. दोनचे मात्र दर महिन्याला मागवावे लागतात. डोळे गेले तरी डबे चाचपता येतात मला."

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "तुम्हाला माहीत होतं? मग मला बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"



"मी तर हे बंदच करणार होतो," मास्तर म्हणाले. "मुलगा केव्हाचा मागे लागलाय. हे तीन जिने मला आता एकदा चढायला अर्धा तास लागतो, तीनदा बसावं लागतं. पण म्हटलं, ही पोर एवढ्या लांबून दोन दोन बस करून येते. हिचं काम असं कसं काढून घ्यायचं? तिच्या निवृत्तीपर्यंत रेटू कसंतरी."

"आणि मी..." ती म्हणाली.

"तू माझ्यासाठी येत होतीस, ते कळलं मला आत्ता." मास्तर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी. शहाणी म्हणवणारी दोन माणसं सहा वर्षं एकमेकांची मर्जी राखत होती, एक बसमध्ये आणि एक जिन्यात. ती हसली, मग रागावली, मग पदराने डोळे पुसले. कारखाना महिनाअखेरीला बंद करायचा, हे पाच मिनिटांत ठरलं. सहा वर्षांत न झालेली गोष्ट.

संध्याकाळी तिने जेवताना नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. डोळे, दोन नंबर, डबे, जिने.

"म्हणजे सहा वर्षांची ये-जा फुकटच गेली म्हणायची," तो म्हणाला.

"फुकट कशी?" ती उसळली. "सहा वर्षं एक माणूस रोज सकाळी माझी वाट बघत बसलेला असायचा. रोज! असं कोणाच्या नशिबी असतं?"

नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला.

"रोज संध्याकाळी आणखी एक जण बसलेला असायचा," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं."