कानातले बोळे

पंचायत समित्या नव्या निघाल्या होत्या. आमच्या ऑफिसात काम थोडं आणि गप्पा फार. आवक-जावकचा बाबू मात्र कोणाशी बोलायचा नाही. चहाला हाक मारली, की फाईल उघडायचा.

"काहून बोलत नाही हा? घरी काही झालं काय?" अशी सगळ्यांना काळजी. म्हणून जो तो खुर्ची त्याच्याच टेबलाशी ओढायचा. शिवाय हा ऐकलेलं कुठं बोलणार नाही, तेव्हा घरोघरची भांडणंही तिथंच सांगितली जायची.

एके दिवशी तो दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून आला. "मले आयकू नाही येत," म्हणाला. ऑफिस हळहळलं. तेव्हापासून सगळे त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडू लागले. हेडक्लार्कनं तर वैद्याचा काढा आणून समोर बसून पाजला.

एका संध्याकाळी मी विसरलेली छत्री न्यायला परत गेलो. ऑफिस रिकामं होतं. बोळे टेबलावर काढून ठेवून, डोळे मिटून तो निवांत बसला होता.

मी दारातूनच हळू विचारलं, "भाऊ, खरंच आयकू नाही येत काय?"

"नाही," तो तितक्याच हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मीही त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो. नाही तर बिचाऱ्याचं बिंग फुटलं असतं.