डब्बा ऐकून राह्यला

मनोहरकाका बंद पडलेल्या यंत्राचा डबा आधी नाकाशी धरायचे आणि मग डोळे मिटून झोपाळ्यावर आडवे व्हायचे. दारव्ह्याला त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये नुसतं मेंदीचं कुंपण होतं, त्यामुळे संध्याकाळचा हा सोहळा मला फुकटात दिसायचा. डबा आणणारा शेतकरी ओट्यावर उकिडवा बसलेला, काका झुलताहेत, कड्या कुरकुरताहेत, आणि कुणीच काही बोलत नाही. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा झोपला. खरं सांगायचं तर कधीकधी ते झोपतही असत.

हा डबा म्हणजे डिझेल इंजिनाचा मेंदू. हल्लीच्या ट्रॅक्टरला, हार्वेस्टरला, जीपला तो असतो. डिझेल कधी आणि किती सोडायचं ते तोच ठरवतो. तो रुसला की इंजिन गप्प. काका दिवसा तहसील कचेरीत कारकुनी करायचे आणि घरी आल्यावर या डब्यांची दुखणी ओळखायचे. दुरुस्ती नाही, फक्त निदान. नेर, बाभुळगावकडचे लोक जीपवाल्याच्या हाती दुपट्ट्यात गुंडाळून डबे पाठवत, आणि काका ते तसेच परत धाडत.

"नुसता डब्बा कायले पाठवता? मालकाले पाठवा. बंद पडाच्या आधी यंत्र काय करून राह्यलं होतं, थे डब्बा सांगते काय मले?"

मग मालकाला यावं लागे आणि सगळं सांगावं लागे. कोणत्या वावरात होतं, ऊन होतं की आभाळ, कोणता आवाज झाला आणि मग कोणता थांबला. ऐकता ऐकता काका कुठल्या कुठे निघून जायचे; चेहऱ्यावरून वाटे, त्या वावराच्या धुऱ्यावर आता तेच उभे आहेत. मला हसू येई आणि हेवाही वाटे. माझं म्हणणं कुणी इतकं मन लावून ऐकलं असतं, तर मीही जन्मात कधी बिघडले नसते!

दसरा झाला की त्यांच्या ओट्यावर रीघ लागायची. पूजेसाठी ट्रॅक्टर चकचकीत हवा, म्हणून लोक पाण्याचा फवारा थेट डब्याच्या तोंडावर मारत आणि वरून हळदकुंकू वाहत. काका ओरडायचे, "नवरदेवाले न्हाऊ घाला ना भाऊ, पण त्याच्या कानात पाइप काहून खुपसता?" तो भाऊ खाली मान घालून हसे, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा हजर.

जळकट की ओलसर, असा वास घेऊन झाला की काका टेबलावर डब्याला वीज जोडत, एकेका तारेतून बारीकसा इशारा देत आणि थांबत. फार थांबत. मी कुंपणापलीकडून वैतागून म्हणे, "काका, मेला तो. सोडा आता."

"घाई नको करू, नंदे. डब्बा बहुतेक बेकसूर असते. थो ऐकून राह्यला. वायर तुटली म्हणून त्याले बोलता नाही येऊन राह्यलं. एक सवाल टाकाचा, अन् वाट पाहाची."

दोष सापडला की त्यांचा अंगठा झोपाळ्याच्या फळीवर वाजे. टक, टक. तेवढाच काय तो त्यांचा आनंद.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा वाचा गेलेली, नजर आढ्याला लागलेली. यांना काही समजतं की नाही ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल बोलत, त्यांच्याशी कुणी बोलत नसे. सिंधूकाकू, त्यांची बायको, एकदा पेज भरवता भरवता थांबल्या. "नंदा, मी कोणाशी बोलू वो? थे आत आहेत का नाही, एवढं तरी सांगा मले कोणी." मी पेजेची वाटी त्यांच्या हातातून घेतली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नेरचे बंडूभाऊ दुपट्ट्यातला डबा घेऊन दारात उभे. त्यांना काही ठाऊक नव्हतं. काकूंनी हात जोडले. बंडूभाऊ आत आले, काकांना पाहिलं आणि डबा मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडू लागले.

यंत्र कसं बंद पडलं ते मी बंडूभाऊंना विचारून घेतलं, त्यांच्या मांडीवरचा डबा उचलला आणि काकांच्या नाकाशी धरला.

"काका, यांनी परवा ट्रॅक्टर धुतला. काल पूजा केली. आज सुरू होत नाहीये."

आणि थांबले.

"राहू दे माय," काकू म्हणाल्या. "कायले त्याह्यले त्रास?"

मी थांबलेच. खिडकीतलं ऊन चादरीवरून हळूहळू सरकत होतं. बाहेर ओट्यावर रिकामा झोपाळा वाऱ्यानं उगीच हलत होता. मग काकांच्या पापण्या मिटल्या, अगदी पूर्वीसारख्या, सावकाश. माझा हात दुखायला लागला तरी मी डबा हलवला नाही.

त्यांच्या धड हाताचा अंगठा खाटेच्या पट्टीवर वाजला. टक. जरा वेळानं पुन्हा, टक.

"ओला हाय म्हन्तेत!" बंडूभाऊ डोळे पुसत ओरडले.

काकू खाटेच्या काठावर टेकल्या, काकांचा हात हातात घेतला, आणि मग झटक्याच्या दिवसापासूनचं सगळं सांगत सुटल्या. कोण कोण येऊन गेलं, मेंदी किती वाढली, आपण देवाला काय काय बोललो. आम्ही दोघं हळूच बाहेर आलो.

दिवाळीनंतर काका गेले. तोवर रोज दुपारी कुंपणापलीकडून काकूंचा आवाज यायचा. त्या एक प्रश्न विचारायच्या आणि मग कितीतरी वेळ गप्प राहून वाट पाहायच्या.