खिडकी टीव्हीमागं गेली

बिभीषणकाका मूळचे करमाळ्याकडचे. सात रस्त्याजवळच्या एका दुकानांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोपटाएवढ्या खोलीत बसून ते वीस वर्षं साड्यांना फॉल लावायचे. इमारतीतले ते एकटेच शिंपी. गेल्या वर्षी मालकानं पुढच्या अख्ख्या भिंतीवर झगमगता पडदा चढवला. त्यावर जाहिराती नाचू लागल्या आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले.

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. अशा इमारती लोकांना कशा वाटतात, हे त्यांच्या ऑनलाइन गप्पांमधून शोधायचं, असा माझा प्रबंध. आयत्या पिठावर रेघोट्याच की! त्या इमारतीतल्या कामगारांच्या फेसबुक ग्रुपमध्ये मी ‘सुकन्या’ होऊन शिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामात घड्या घालते, अशी थाप मारली. टाइप करताना जीभ चाचरत नाही, हा मोठाच फायदा.

काकांना ती सुकन्या लेकीसारखी वाटली. “पोरी, डबा येळंवर खात जा,” असं लिहायचे. पडदा आवडतो का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, “भाईर भिंत नाचती, अन् मला सुईत दोरा ववायला दिसत न्हाय. खिडकी टीव्हीमागं गेली की.”

प्रबंधात मी त्यांचं नाव बदललं. वाक्यही बदल, असं मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं. पण इतकं झकास वाक्य सोडवेना. कॉलेजच्या प्रदर्शनात ते मोठ्या अक्षरांत लागलं, कुणीतरी त्याचा फोटो मालकाला पाठवला. वाक्यात सुई पाहिल्यावर नाव कशाला लागतंय? आठवड्याभरात काकांची खोली गेली.

सगळं कबूल करायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेले. “मी ऋतुजा, कॉलेजातून आले,” एवढं म्हणाले, तोवर त्यांनी चहा पुढं केला. कोपऱ्यात मशीन चादरीखाली झाकलेलं होतं. मला स्वतःची किळस आली.

“माजं जाऊ द्या, ताई,” ते म्हणाले. “मालक इचारत हुता, तुला ह्ये कुनी इचारलं? मी म्हनलं, ठावं न्हाय. गोदामातल्या सुकन्यासंगं बोललेलं समदं पुसून टाकलं. गरिबाची पोर हाय, तिचं काम तरी ऱ्हावं.”

मी कप उचलला.

“तुमी तिकडं गेलाच, तर तिला सांगा. म्हनावं, असलं कुनाला इचारू नगं. लोक लई वंगाळ हायती.”

“सांगते,” मी म्हटलं, आणि चहा संपवला.