हिराची धुराची पेटी

माझ्या पुतण्याचा, संदीपचा फोन आला तेव्हा मी भोरच्या घरी उन्हाला बसून हरभऱ्याची भाजी निवडत होते. "मोठी आई, तू ये," एवढंच म्हणाला. त्या 'ये'मध्ये त्याचा आवाज असा काही चिरकला, की पुढचं विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलंच. माणूस वेडं असतं. "अरे, पण आई बरी आहे ना तुझी?" नुसता हुंदका ऐकू आला. मी भाजी तशीच सुपात टाकून उठले, नसरापूरला गाडी बदलली आणि विंझरला पोचले, तर ओसरीवर हिरा निजलेली. कपाळाला मळवट नव्हता, कारण आमचे भाऊजी आधीच गेलेले. चेहरा मात्र असा, की आत्ता उठून म्हणेल, "आक्का, आलीस व्हय? मग हात-पाय धू की, उभी काय ऱ्हायलीस?" माझ्याहून ती लहान. आधी जायचा मान माझा होता. पण एसटीत चढतानासुद्धा हिरानं कधी रांग पाळली नव्हती, ती इथं कशाला पाळेल! मी तिच्या उशाशी बसले आणि तिच्यावरच चिडून रडले.

हिरा माझी धाकटी जाऊ. माझ्या नवऱ्याला भोरला नोकरी लागली, मलाही तिथंच शाळेत शिकवायचं काम मिळालं, म्हणून आम्ही तिकडचे झालो. धाकटे भाऊजी विंझरला शेती बघत राहिले. 'जावा जावा नि उभा दावा' म्हणतात. आमचाही होता. ती म्हणायची, आक्का पुस्तकात बघून आमटी करती. मी म्हणायची, हिरा मीठ टाकताना देवाचं नाव घेते आणि चिमूट विसरते. पण तिच्या एका पदार्थापुढं माझी बोलती बंद व्हायची. नदीचे मासे ती हळद-मीठ लावून चुलीवर टांगलेल्या कारवीच्या काठ्यांच्या तट्टीवर पसरायची आणि खालून जांभळीच्या लाकडाचा मंद धूर द्यायची. दोन-दोन दिवस. त्या माशाचा तुकडा नुसता निखाऱ्यावर शेकून भाकरीबरोबर खाल्ला तरी कालवणाची आठवण होत नसे. पुण्यात गेलेली आमची पोरं सणाला आली की आधी चुलीच्या वर बघायची, मग हिराच्या पाया पडायची. हिराला त्याचा केवढा तोरा! धुराचं तंत्र ती नाकानं सांभाळायची. शेतात खुरपत असली तरी मान वर करून म्हणायची, "धूर कडू झाला गं, लाकूड मागं वढा कुनीतरी."

त्याच धुरानं तिची छाती खाल्ली. खोकला आधी थंडीपुरता यायचा, मग बारमाही झाला. भोरच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं, चुलीजवळ जायचं नाही. संदीपनं त्याच आठवड्यात चूल मोडली. चुकला नाही तो, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण हिरा त्या दिवसापासून अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसली ती बसलीच. गॅसवर सून करायची. सून, म्हणजे आमची अश्विनी, माळकऱ्यांच्या घरातली. पोरीनं जन्मात मासळीला हात लावलेला नव्हता. सासूचा स्वयंपाक वेगळा, हिचा वेगळा, असं इतकी वर्षं गुण्यागोविंदानं चाललेलं. आता सासूचाच बंद पडला. मी भेटायला गेले की हिरा दोन घास खाऊन ताट सारायची. एकदा म्हणाली, "मला आता हितं काम काय, आक्का? राखन कराया कुत्रं हाय." मी रागावले. पण त्या रात्री घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. हिरा अशी बोलणारी नव्हती. बिनकामाचं जगणं तिला मरणापेक्षा जड होतं, आणि आम्हा कुणाकडंच त्यावर औषध नव्हतं.

संदीप गडाच्या पायथ्याच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकघर सांभाळायचा. मालकानं धंदा आवरला आणि हौसेनं आणून खोक्यातच ठेवलेली एक वस्तू संदीपला देऊन टाकली. विजेवर चालणारी धुराची पेटी. स्मोकर म्हणतात. लहान फ्रिजएवढी, आत जाळीचे कप्पे, खाली तापणारी तार, तिच्यावर लाकडाच्या ढलप्या ठेवायचं पाळं, पाण्याचं एक भांडं आणि वर धूर जायला झाकणाचं भोक. जाळ नाही, फुंकणी नाही. पेटी लांब ठेवायची आणि आपण लांब बसायचं. संदीपनं मला मुद्दाम बोलावलं, कारण सोबतचं पुस्तक इंग्रजीत आणि आईला पटवायची जबाबदारी माझी. पौषातले दिवस होते. सकाळी दहापर्यंत नदीवरचं धुकं हटत नव्हतं. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच होता, तीन बाजूंनी भिंत, वारा लागत नव्हता. पेटी तिथं ठेवली आणि हिराचं बस्तान समोरच्या ओट्यावर, घोंगडी पांघरून.

मी पुस्तक वाचून सांगितलं, पहिल्यांदा पेटीला आतून तेलाचा हात द्यायचा आणि काही न ठेवता तीन तास तापवायची. कारखान्याचा वास जातो. हिरानं घोंगडीतून मान बाहेर काढली. "रिकामी? रिकामी चूल पेटवत्यात व्हय कुठं? घरात काय मयत झालंय?" मी म्हटलं, ही चूल नाही, यंत्र आहे. "भूक भागवती ना? मग चूलच." पुढं म्हणाली, "नव्या चुलीवर आधी दूध उतू घालत्यात. तुझ्या पुस्तकात न्हाई व्हय ते?" पुस्तकात नव्हतं, काय करणार! शेवटी अश्विनीनं तोड काढली. वाटीभर दूध आत ठेवलं, पेटीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि संदीपनं बटण दाबलं. आता दूध उतू जायची वाट बघत आम्ही चौघं कुडकुडत बसलो. थंडीत पेटी लवकर तापत नाही, जास्त वेळ द्या आणि दार उघडू नका, असं पुस्तकात ठळक लिहिलेलं. पण हिराचं समाधान होईना. "बघ गं, आलं का वर?" की अश्विनी जाऊन दार उघडायची, जमलेली सगळी ऊब भसकन बाहेर. त्यात घरातून ओढलेली वायर बारीक, ती पेटीपेक्षा जास्त तापली. दुपार टळली तरी दूध उतू जायचं नाव घेईना. नुसती जाड, पिवळट साय धरली. हिरानं ती बघितली आणि निकाल दिला, "उतू न्हाई गेलं, पर करपलं बी न्हाई. चालंल." त्याच दुधाचा तिनं चहा करायला लावला. तो चहा मी प्यायले आहे. पुन्हा पिणार नाही.

दुसऱ्या दिवशी मासे लावले. भाटघर धरणातली चिलापी मी भोरहून पिशवीत आणली होती आणि कंडक्टरची बोलणीही खाल्ली होती. दुपारी दार उघडलं. रंग तर सोन्यासारखा आलेला. हिराच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी तेज दिसलं. तिनं तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, "झ्याक झालंय." मी घेतला आणि थुंकला. रॉकेलात बुडवल्यासारखा! मी काही बोलायच्या आत लांब उभी असलेली अश्विनी पदराआडून म्हणाली, "आत्या, तेलकट वास येतोय की वो. इथवर येतोय." हिरा तिच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. तिनं तुकडा नाकाशी धरला, जोरात श्वास घेतला, खोकली, परत घेतला. "...मला न्हाई येत," ती म्हणाली. "तापात गेला वास. दोन सालं झाली. म्या म्हनलं यील, यील..."

कुणालाच माहीत नव्हतं. चूल मोडेपर्यंत ती वासावाचूनच धूर देत होती. तिचे मासे अलीकडं कडू लागतात असं पोरं आपापसात बोलायची, मागून न्यायची बंद झाली होती, आणि हिरा सगळं ऐकून गप्प बसली होती. तिला वाटलं, हात गेला. माझ्या हाताची चव गेली, असं ती मला म्हणाली आणि ओट्यावर लहान पोरीसारखी रडली. मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघींनी एकमेकींना असं कधी धरलं नव्हतं, आमच्या पिढीत जावाजावांत ती पद्धतच नव्हती. तिच्या पाठीची हाडं हाताला लागत होती. मला म्हणायचं होतं, हिरा, हात नाही गेला गं, नाक गेलंय. ते अश्विनी म्हणाली. अगदी सरळ म्हणाली. "आत्या, नाकच पायजे ना? माझं हाय की. पानी मारल्याव मातीचा वास मला शेजारच्या आळीतनं येतोय. तुमी फकस्त सांगा, कसा वास आला म्हंजी काय करायचं." हिरानं डोळे पुसले. "तू माळकऱ्याची लेक. तुला मासळीचा वास सोसंल?" "खायाची न्हाई मी," अश्विनी म्हणाली, "पर वासानं काय माळ तुटती व्हय?"

मग खरी सुरुवात झाली. संदीपनं जाड वायर आणली. कारखान्याचा वास पहिल्या दिवशी गेलाच नव्हता, म्हणून पेटी पुन्हा तापवली, या वेळी दार न उघडता, पुरा वेळ, आत हिराच्या हट्टापायी एक नारळ. थंडी होती म्हणून तासभर जास्त. मग जांभळीच्या सुक्या ढलप्या पाळ्यात टाकल्या. धूर पहिल्यांदा दाट, कडवट येतो, तो जाऊ द्यायचा. पातळ झाला, गोडसर झाला, की मग मासे आत. एरवी हे डोळ्यांनीही कळतं, पण विंझरच्या धुक्यात धूर कुठला आणि धुकं कुठलं काही उमगत नाही. तिथं नाकच लागतं. अश्विनी पेटीशी उभी राहायची आणि हिरा ओट्यावरून विचारायची, "कसा येतोय?" "डोळ्याला झोंबतोय, आत्या." "मग थांब. मासं बाहीरच ऱ्हाऊ दे, पानी सुकंल तेवढं." थोड्या वेळानं, "आता?" "आता... ओल्या पाल्यासारखा." "ढलपी वली हाय येखादी. काढ ती." पोरगी चिमट्यानं ढलपी शोधायची. आणि मग केव्हातरी अश्विनी म्हणायची, "आत्या, आता गोड येतोय. गूळ तापल्यावानी." हिरा डोळे मिटून घ्यायची, जणू तो वास अश्विनीच्या बोलण्यातून तिला मिळत होता. "आता ठिव आत," म्हणायची.

त्या हिवाळ्यात दर रविवारी मी भोरहून मासे घेऊन गेले. कंडक्टरही सरावला, मागच्या बाकावर बसा म्हणायचा. हिरा पोटभर जेवू लागली. शेजाऱ्यांकडून वाट्या यायला लागल्या, आणि हिरा ओट्यावरून ऐटीत सांगायची, "वाटी ठिवून जा, सून दील." 'सून दील' म्हणताना तिचा आवाज किती मोठा व्हायचा ते मी ऐकलेलं आहे. छाती काही सुधारली नव्हती. डॉक्टरांनी ते आम्हाला आधीच सांगितलं होतं आणि हिरालाही ते ठाऊक असावं. शेवटच्या रविवारी निघताना मी म्हटलं, "हिरा, येते गं, जप." ती म्हणाली, "मला काय व्हतंय? नाक हाय माझं अजून तरनंताठं." आणि हसली, मग खोकली. तीन दिवसांनी पहाटे ती झोपेतच गेली. चहा घेऊन अश्विनी उठवायला गेली होती.

सुतक फिटल्यावर भाऊबंदांना तिखटाचं जेवण द्यायचं होतं. मटण करा, असं सगळे म्हणाले. अश्विनीनं ऐकलं नाही. संदीपला तिनं पहाटेच भाटघरला पाठवलं होतं. मी उठून ओट्यावर आले तेव्हा धुकं इतकं होतं, की गोठ्याची मागची भिंत दिसत नव्हती. अश्विनी मात्र दिसत होती, पेटीशी उभी, पदर खोचलेला, मान किंचित वर. हिराच्या जागेवर तिची घोंगडी घडी करून ठेवलेली. मी घोंगडीशेजारी टेकले, घडीवर बसायचं धाडस झालं नाही. मग धुक्यातून अश्विनीचा आवाज आला, नेहमीसारखा, जरा मोठ्यानं.

"आत्या, आता गोड येतोय."

ती बोलली आणि तिथंच थिजली. मी तोंड उघडलं, कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी पुस्तक वाचणारी बाई. अश्विनीनं ओट्याकडं बघितलं. पदरानं तोंड पुसलं. मग तिनं पुन्हा एकदा मान वर करून हळूच श्वास घेतला, माशांची जाळी उचलली आणि स्वतःलाच म्हणाली, "ठिवते आत."