यंदाचं नवं भात आणायला माल्याला

बावधनच्या थांब्यावर रिकामी पिशवी घेऊन बसले, तेव्हाच काहीतरी उलटं चाललंय असं वाटत होतं. दर मार्गशीर्षात माझा धाकटा भाऊ सदा नवे तांदूळ घेऊन माझ्याकडे येतो. आमच्यात पहिलं नवं लेकीला देतात, मग घरचे खातात. यंदा त्याचा फोन आला, "ताई, तूच ये. तुला इचारल्याबिगर करायचं न्हाई." काय करायचं नाही, ते काही सांगेना.

पौडला गाडी बदलली, गरम भजी खाल्ली, माल्याला उतरले आणि तुम्हाला सांगते, माहेर ओळखूच आलं नाही! खाचरं (बांध घातलेली भाताची शेतं) असायची तिथं खांब, तारा, द्राक्षाच्या वेली. मी आपली पुढं चालतेच आहे. मागून भावजय मंदाची हाक आली, "वन्सं, कुटं निगालात? घर हितं हाय!"

जेवायला चिंबोऱ्यांचा रस्सा न् आंबेमोहोराचा भात. सदा भातातून नुसती बोटं फिरवत होता. शेवटी म्हणाला, "वड्याकडचं येकच खाचर ऱ्हायलंय. उद्या मशीन येतंय. तितं बी वेली लावायच्यात. मग तुजं नवं बंद. हक्क तुजा हाय, तू सांग."

भाचा अमोल हिंजवडीची नोकरी सोडून वाइन करायला बसलाय. शेडमधल्या चकचकीत टाक्या दाखवून त्याने घोटभर चाखायला दिली. आंबट म्हणावी तर तुरट, तुरट म्हणावी तर गोडसर. माझं तोंड बघून हसला, मग म्हणाला, "आत्या, नुसत्या भातावर मी गावात राहू शकत नाही गं. ह्याच्यावर कदाचित राहीन."



सकाळी देवाला फुलं काढायला गेले. वेलींच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला एक गुलाब. पोरगं देवाचं विसरलं नाही म्हणून बरं वाटलं. कोवळ्या पानांसकट परडी भरली. तेवढ्यात अमोल धावत आला.

"आत्या, ते देवाचे नाहीत!"

"मग कुणाचे?"

"भुरीचे! (पांढऱ्या बुरशीचा रोग.) आधी गुलाबावर दिसते, मग आम्ही वेली सांभाळतो."

मंदा पदर तोंडाला लावून हसली. "म्या बी दोनदा बोलनी खाल्ली, वन्सं. आता देवाला झेंडूच."

परडी हातात तशीच. वेलींसाठी गुलाब राखणीला बसवणारं हे पोर, त्याला नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू? दूर मशीनची घरघर ऐकू यायला लागली. सदा माझ्याकडे बघत उभा.

"हो," म्हटलं. "पण सदा, यंदा तांदूळ नको. भातच दे, सालीसकट."

"ते काय खानार हायेस व्हय?"

"दे म्हणते ना."

परतीच्या गाडीत मांडीवर एका पिशवीत भात, दुसरीत अमोलची पहिली बाटली. बाटलीतल्या ह्या नव्याला हळदकुंकू लावायचं की नाही, घर आलं तरी ठरेना. फ्लॅटमध्ये भात पेरायचं कुठं, हेही कळत नाही. आपण बरोबर केलं का, ते तर नाहीच.

डबा शोधत होते, तर सदाचा फोन. पोचलीस का, हेसुद्धा विचारलं नाही.

"ताई, भात चांगलं वाळवून ठिव. दमट ऱ्हायलं तर उगवायचं न्हाई."