शिकलगारकडचं अर्धं पुस्तक

आमची प्लाटून उत्तर सीमेवर दोन पोस्टवर विभागलेली होती. वरच्या पोस्टवर नाईक दस्तगीर शिकलगार, खालच्या पोस्टवर मी. दोघेही कोल्हापूरचे, एकाच भरतीतले. मी मंगळवार पेठेतला, तो वारणानगरजवळच्या खेड्यातला. दोन्ही पोस्टमध्ये रोज सकाळी गस्तीची तुकडी जायची. रॉकेल, डाक आणि चहाड्या, सगळी ने-आण तिच्याबरोबरच.

सुट्टीवरून येताना दस्तगीरने एक जाडजूड कादंबरी आणली. परदेशी, मराठीत आलेली. पुस्तक एक आणि पोस्ट दोन. अशा वेळी आमचा रिवाज म्हणजे पुस्तक मधोमध फाडायचं, वाटून घ्यायचं, नंतर अदलाबदल. पुढचा भाग त्याने ठेवला, मागचा माझ्या माथी मारला. म्हणाला, "मालकाचा मान असतोय."

गोष्ट एका अशा राज्याची, जिथे सरकार घराघरांत डोळे लावून बसलेलं. माणूस नकोसा झाला की उचलायचा आणि त्याचं नाव सगळीकडून खोडायचं. शेजाऱ्यानेही म्हणायचं, असा कुणी नव्हताच. आम्ही हुकमावर चालणारी माणसं, तरी वाचताना मी मधेच पुस्तक मिटून ठेवलं.

एका सकाळी रेडिओ चेक झाल्यावर दस्तगीरने विचारलं, "मर्दा, त्यो गोष्टीतला मानूस शेवटी सुटतो का? ओव्हर."

"न्हाय सुटत. ओव्हर."



"मारलं तर मारलं. पन न्हवताच म्हनायचं, हे लई वंगाळ. ओव्हर."

"सेट कामासाठी आहे," सुभेदार साहेब मागून गुरकावले. मी आऊट म्हटलं.

त्याच दुपारी वरच्या पोस्टवर उतारावरून बर्फ कोसळलं. बाकीचे जवान निसटले. दस्तगीर स्टोअरमध्ये होता. आम्ही खालून वर पोचून फावड्यांनी, हातांनी उकरत राहिलो. सापडला तेव्हा तो गेलेला होता. पुस्तकाचा पुढचा भाग बर्फातच राहिला. गावात मी त्याला खांदा दिला. त्या दिवशी रडलो, नंतरही पुष्कळदा.

रिटायर झाल्यावर त्याच्या घरी गेलो, तर थोरल्या भावाने दारातच अडवलं. "आईफुडं त्याचं नाव काढू नगासा. घरात कोनबी काढत न्हाय. फोटो बी पेटीत हाय."

मी हबकलो. इथे कुणाचा हुकूम नव्हता. मायेपोटीच सगळे गप्प झाले होते. मग दरवेळी चहा प्यायचो, उसाचं बोलायचो आणि परत यायचो. मनात मात्र जळायचं.

यंदा राहवलं नाही. ते अर्धं पुस्तक घेऊन गेलो.

"काय हाय त्ये?" त्याच्या आईने विचारलं.

"तुमच्या पोराचं पुस्तक, मावशी. अर्धं त्याच्याकडंच राहिलं."

भावाने डोळे वटारले. मावशी म्हणाल्या, "वाच."

आधीची गोष्ट माझ्या भागावरून जुळवून थोडक्यात सांगितली आणि वाचायला लागलो. नाव खोडण्याचं आलं तिथे त्यांनी हात वर केला.

"आन् त्याची आई? ती बी न्हवताच म्हनली?"

"माझ्या भागात आईचं काय न्हाय, मावशी."

 त्यांनी सुनेला हाक मारली.

"पेटी उघड गं. दस्तगीरला भाईर काढ. लई दिस कोंडलाय."